बंब अंगणात होता, गिझर कुठे हवा?

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला 'सोसायटीची पंचवीस वर्षे' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. त्या आठवणी सांगणारे माझ्यापेक्षा चांगले वक्ते इथे बसलेले आहेत. म्हणून मी विषय बदलून मागितला आणि सेक्रेटरी साहेबांनी तो हसत हसत दिला. विषय आहे गॅसचा गिझर. तुम्हीही हसताय, हसा. पण पुढची वीस मिनिटं माझं ऐका. या वर्षी आपल्या इमारतीला रंग लागणार आहे, चारी बाजूंनी परांची बांधली जाणार आहे. मी जे सांगणार आहे ते करून घ्यायला अशी संधी पुन्हा आठ-दहा वर्षं येणार नाही.

आधी जुनी गोष्ट. आपल्यापैकी साठीच्या पुढच्या सगळ्यांनी आंघोळीचं पाणी कुठे तापायचं ते पाहिलेलं आहे. मागील दारी चुलवण असायचं, त्यावर तांब्याचं भाणं किंवा हंडा. सोडणं, चुडतं, पातेरा, जे मिळेल ते खाली सारायचं. नोकरदार घरांत तांब्याचा बंब आला. त्या बंबाची रचना आठवून बघा. खाली जाळी, भोवती पाणी आणि मधोमध आरपार गेलेलं नळकांडं. विस्तव त्या नळकांड्यात आणि धूर वरून बाहेर. म्हणजे बंबाला स्वतःची चिमणी होती. आणि एवढं असूनही तो बंब अनेक घरांत न्हाणीघरात ठेवत नसत. अंगणात, पडवीच्या कडेला किंवा परसात. आपण पाणी बादलीने आत नेत होतो. विस्तव बाहेर आणि माणूस आत, असा तो साधा नियम होता.

मग फ्लॅट आले, अंगण गेलं. वीज महाग वाटायला लागली तेव्हा भिंतीवरचा गॅसचा गिझर आला. नळ सोडला की भस्सकन पेटतो आणि गरम पाणी येतं. टाकी नाही, वाट बघणं नाही. वस्तू खरोखर सोयीची आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण तिने एक गोष्ट गुपचूप बदलली. बाहेरचा विस्तव आपण पाच बाय सात फुटांच्या बाथरूममध्ये आणून टांगला, आणि वर आतून कडी लावून घेतली.

'गिझर' हा शब्द कुठला, हे मुलांना सांगतो. आइसलँड देशात 'गेसिर' नावाचा उसळणारा गरम पाण्याचा झरा आहे, त्यावरून तो आला. आपल्या जिल्ह्यालाही गरम पाण्याचं वावडं नाही. आरवली, तुरळ, राजवाडी, उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे, सगळीकडे उन्हाळी आहेत. तर १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या गृहस्थाने नळाचं पाणी गॅसवर जागच्या जागी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला त्या झऱ्याचं नाव दिलं. ते यंत्र चालत होतं, पण त्याला धूर बाहेर काढणारा पाइपच नव्हता. वापरणाऱ्याच्या जिवाला धोका होता. पुढच्या लोकांनी त्यात सुधारणा केल्या. आज दीडशे वर्षं उलटली, आणि आपल्याकडे अनेक बाथरूममध्ये अजूनही धुराच्या पाइपाशिवायचा गिझर टांगलेला आहे. म्हणजे काही बाबतीत आपण अजून १८६८ मध्येच आहोत!

आता थोडा हिशेब. बँकेत आयुष्य गेलं, हिशेबाशिवाय मला चैन पडत नाही. वीस लिटरची एक बादली. आपल्याकडे थंडीत नळाचं पाणी समजा २५ अंश, आंघोळीला ४२ अंश हवं. म्हणजे १७ अंश तापवायचं. त्याला साधारण ४० ग्रॅम गॅस लागतो. म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साडेतीनशेच्या आसपास बादल्या. इथपर्यंतचा हिशेब सगळे करतात. पण गॅस नुसता जळत नाही, तो हवा घेऊन जळतो. एक किलो गॅस नीट जळायला साधारण साडेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे एका बादलीमागे जवळजवळ अर्धा घनमीटर हवेतला प्राणवायू संपतो. पाच बाय सात फूट, उंची आठ फूट, अशा बाथरूममध्ये एकूण हवा आठ घनमीटर. चौघांनी पाठोपाठ एकेक बादली घेतली, तर पाव खोलीतला प्राणवायू संपला. हा हिशेब खोली पूर्ण बंद धरून केलेला आहे. फटीतून थोडी हवा येते. पण ती येणारी फटच आपण बुजवली, तर?

आणि वर्षातला सर्वात जोखमीचा दिवस कोणता? नरक चतुर्दशी. पहाटेचं अभ्यंगस्नान, पाहुणे आलेले, उटणं लावून रांगेने आंघोळी, प्रत्येकाला दोन बादल्या, गारवा म्हणून खिडकी बंद. आनंदाच्या दिवशी गिझर सर्वात जास्त चालतो आणि हवा सर्वात कमी असते.

हवा कमी पडली की ज्योत विझत नाही, तर बिघडते. निळ्याची पिवळी होते. गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. चुलीचा धूर निदान सांगून यायचा, ठसका लागायचा, माणूस आपोआप बाहेर पडायचा. सिलिंडरच्या गॅसला वास असतो, कारण गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो. पण जळल्यानंतर जे तयार होतं, त्याला तो वास नाही. 'वास आला असता तर कळलं असतं' हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

हा वायू करतो काय? रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. कार्बन मोनॉक्साइड त्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे गाडी तीच, पण सगळ्या सीटवर भलतेच लोक बसलेले. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, पायातलं बळ जातं. आपल्याला काहीतरी होतंय हे कळेपर्यंत उठून कडी काढण्याची ताकद उरलेली नसते.

या घटना लांबच्या नाहीत. जानेवारी २०२० मध्ये मुंबईत बोरिवलीला पंधरा वर्षांची एक मुलगी गॅस गिझर असलेल्या बाथरूममध्ये बेशुद्ध सापडली, ती वाचली नाही. मार्च २०२३ मध्ये होळीचा रंग खेळून आंघोळीला गेलेलं घाटकोपरचं एक जोडपं बाथरूममध्ये मृत सापडलं, तेव्हाही संशय गिझरच्या वायूवरच गेला. आणि आपल्याच इमारतीत तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात काय झालं, ते इथल्या पुष्कळांना माहीत आहे. नाव घेत नाही. भाड्याने राहणाऱ्या कुटुंबातली कॉलेजला जाणारी मुलगी. अर्धा तास झाला, पाण्याचा आवाज येतोय, हाकेला ओ नाही. आईने आरडाओरडा केला, आम्ही शेजारचे धावलो, दोघांनी मिळून कडी तोडली. मुलगी खाली पडलेली. वेळेवर हवा मिळाली, ऑक्सिजन मिळाला, वाचली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे का?" घरी येऊन पाहिलं तर व्हेंटिलेटरच्या काचांवर आतून प्लास्टिकचा पत्रा स्क्रूने बसवलेला. कशासाठी? डास येतात आणि थंडीत वारा लागतो म्हणून. ज्याने बसवला त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तसे पत्रे आजही आपल्या इमारतीत आहेत, खाली उभं राहून वर पाहिलं की मोजता येतात.

तेव्हा माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो. गॅसचा गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा, आणि आत यावं ते फक्त गरम पाणी.

आपल्या प्रत्येक फ्लॅटला मागे वॉशिंगची बाल्कनी आहे. तीच त्याची जागा. यावर लोक तीन-चार शंका काढतात, त्या घेतो.

पहिली शंका, पाइप लांब होईल, पाणी गार होईल. बाल्कनीपासून बाथरूमपर्यंत जास्तीत जास्त सहा मीटर पाइप. अर्ध्या इंची पाइपात तेवढ्या लांबीत लिटरभरसुद्धा पाणी मावत नाही. म्हणजे सुरुवातीचा एक तांब्या गार येईल, तो बादलीत पडू दे, नाहीतरी आपण विसावण घालतोच. पाइप मात्र गरम पाण्याचा, सीपीव्हीसी घ्यायचा. साधा पांढरा पाइप गरम पाण्याने मऊ पडतो.

दुसरी शंका, बाल्कनी तर आम्ही स्लायडिंगने बंद केली आहे. मग ती बाल्कनी राहिलीच नाही, खोली झाली. तिथे गिझर लावायचा तर वर आणि खाली, दोन्ही ठिकाणी कायम उघडी जाळी हवी. खालची जाळी दोन कामांची आहे. ताजी हवा तिथून येते, आणि सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो खालूनच बाहेर जातो. वरची जाळी जळालेली गरम हवा सोडते. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, एकीने भागत नाही, तसंच हे.

तिसरी शंका, बाहेर पाऊस लागेल. बरोबर आहे. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, शिवाय खारा वारा. बाजारातले बहुतेक गिझर उघड्या पावसात टांगण्यासाठी बनवलेले नसतात. म्हणून वर स्लॅब असलेली, झड न लागणारी भिंत निवडायची. थेट वाऱ्याच्या तोंडावर लावला तर ज्योत विझते किंवा हेलकावते. आडोसा करायचा, पण डबा करून कोंडायचा नाही. खाऱ्या हवेने बर्नरला गंज धरतो, भोकं बुजतात. पावसाळ्यात गिझर पडून असतो तेव्हा कुंभारमाशी आत मातीचं घर करते. एमिल झोला हा जगप्रसिद्ध फ्रेंच लेखक १९०२ साली पॅरिसला स्वतःच्या घरात झोपेत गेला, ते चिमणी तुंबल्यामुळे. घरात चिमणी होती, पण ती मोकळी नव्हती. म्हणून दसऱ्यानंतर आणि दिवाळीच्या आधी गिझर उघडून साफ करून घ्यायचा, हा नियम करा. ज्योत निळी आहे की पिवळी, वर काजळी धरली आहे का, हे घरातलं शाळकरी पोरही पाहू शकतं. पिवळी दिसली की गिझर बंद, माणूस बोलवा.

चौथी शंका आहे वरच्या मजल्याची. गिझर पेटायला पाण्याचा ठरावीक दाब लागतो. टाकीपासून दहा मीटर खाली गेलं की साधारण एक किलो दाब मिळतो. चौथ्या मजल्याच्या डोक्यावर टाकी दोन-अडीच मीटरच आहे, म्हणजे दाब पाव किलोच्या घरात. तिथे गिझर पेटत नाही, किंवा पेटतो-विझतो, मग कोणीतरी आतला व्हॉल्व्ह ढिला करून देतो. असले उपाय नकोत. चौथ्या मजल्यावरच्यांनी विजेचा किंवा सोलरचा विचार करावा. एका बादलीला विजेचं अर्ध्या युनिटपेक्षा कमी खर्च होतं, तेही बघा.

आता सर्वात नाजूक मुद्दा, डक्टचा. काही जणांनी गिझरच्या धुराचा पाइप बाथरूमच्या डक्टमध्ये सोडला आहे. स्वतःचं बाथरूम सुरक्षित झालं, पण त्याच डक्टला वरच्या मजल्यांच्या खिडक्या आहेत. गरम हवा वर जाते. म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या भाऊंची आंघोळ आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं डोकं दुखतंय! धूर सोडायचा तो मोकळ्या बाजूला, कोणाच्याही खिडकीखाली नाही. किती अंतर ठेवायचं ते कंपनीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. ते कमी करायचं नाही.

बाकी काळजी थोडक्यात. गिझर घेताना आयएसआय शिक्का आणि आयएस १५५५८ हा आकडा पाहा. सिलिंडर उभा ठेवा, मोरीच्या तोंडाशी नको. नळी गॅस कंपनीची नारिंगी सुरक्षा होज, पाच वर्षांनी बदलायची. शेगडीच्या नळीला टी मारून गिझर जोडायचा नाही. गळतीचा वास आला तर दिव्याच्या बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन करा.

ज्यांना गिझर लगेच हलवणं शक्य नाही त्यांनी आज रात्रीपासून एवढं तरी करावं. दार उघडं ठेवून बादल्या भरायच्या, गिझर बंद करायचा, पाच मिनिटं थांबायचं आणि मगच आत जायचं. शॉवरखाली उभं राहून गिझर चालू ठेवायचा नाही. एक्झॉस्ट पंखा असला तरी दाराखाली हवा यायला फट नसेल, तर तो पंखा उपयोगाचा नाही. आज्जी-आजोबांनी आतून कडी लावू नये, दारावर पंचा टाकावा, तेवढं पुरे.

आणि कोणी बेशुद्ध सापडलं तर आधी गिझर बंद, माणूस मोकळ्या हवेत, १०८ ला फोन, आणि डॉक्टरांना न विसरता सांगायचं की बाथरूममध्ये गॅसचा गिझर होता. एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. कोविडपासून आपल्या सगळ्यांच्या घरात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. या विषबाधेत ते फसवतं. त्याला कार्बन मोनॉक्साइड आणि प्राणवायू यांतला फरक कळत नाही, ते ९८ दाखवत राहतं. आकडा बघून निर्धास्त होऊ नका. नुसत्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. म्हणून हॉस्पिटल गाठायचंच.

ज्यांची मुलं परदेशात आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. अमेरिकेत टेक्साससारख्या उबदार राज्यांत असे बिनटाकीचे हीटर घराच्या बाहेरच्या भिंतीवर लावतात. जागा योग्यच आहे. पण तिथे अडचण बर्फाची. पाणी गोठलं की सुमारे नऊ टक्के फुगतं आणि हीटरमधली बारीक नळी फुटते. तसं होऊ नये म्हणून आत विजेचा छोटा हीटर असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे कडाक्याची थंडी पडली आणि वीजच गेली. असंख्य घरांचे पाइप फुटले. त्याहून वाईट म्हणजे ऊब मिळावी म्हणून लोकांनी घरात, गॅरेजमध्ये कोळसा आणि जनरेटर लावले आणि याच कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली. तेव्हा मुलांना सांगा, गोठवणारी थंडी येणार असेल आणि वीज जायची शक्यता असेल, तर गॅस आणि पाणी बंद करून हीटरमधलं पाणी काढून टाका. आणि आपण इथे वादळात वीज गेली की जनरेटर लावतो, तो खिडकीखाली किंवा जिन्यात नको. निसर्ग चक्रीवादळानंतर आपल्या जिल्ह्यात किती दिवस अंधार होता ते विसरू नका.

शेवटी कमिटीकडे मागणं. परांची उतरायच्या आत हे व्हावं. एक, प्रत्येक फ्लॅटमध्ये जाऊन गिझर कुठे आहे, हवा कुठून येते याची यादी करावी. दोन, बाहेरच्या भिंतीवरून जाणारे गरम पाण्याचे पाइप रंगकामाआधी एकाच वेळी, एकाच प्लंबरकडून बसवून घ्यावेत. सगळ्यांचं एकत्र झालं तर खर्चही कमी येईल. तीन, डक्टमध्ये धूर सोडायला आणि व्हेंटिलेटर बुजवायला सोसायटीची मनाई असावी. चार, फ्लॅट भाड्याने देताना ना-हरकत पत्र हवं असेल तर बाथरूममध्ये गॅस गिझर नाही, हे आधी पाहावं. आणि तो हलवायचा खर्च मालकाने करावा, भाडेकरूवर ढकलू नये. ती मुलगी भाडेकरूची होती. पण कडी तोडायला आपण धावलो, तेव्हा भाडेकरू कोण आणि सभासद कोण हे कोणी विचारलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. हा ठराव मी मांडणार आहे, अनुमोदन द्यायला निदान पाच-सहा हात वर व्हावेत, एवढीच अपेक्षा. पंचवीस वर्षांत आपण पाण्याची टाकी बांधली, कुंपण घातलं, गणपती बसवला, भांडलो आणि पुन्हा एकत्र जेवलो. आता प्रत्येक घरातला विस्तव बाहेर काढून ठेवू या. येत्या नरक चतुर्दशीला पहाटे सगळ्यांच्या आंघोळी झालेल्या असाव्यात आणि फराळाच्या वेळी सगळी मंडळी हजर असावीत.